फोटोत येणारी गाडी

जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं हे शहाण्या माणसाचं काम नाही, असं मला अमरावतीतल्या निदान चाळीस शहाण्या माणसांनी सांगितलं. एवढं सांगून ते गप्प बसले असते तर प्रश्नच नव्हता. पण त्यातला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि बसवायचंच असेल तर कसं बसवावं, हेही सांगून गेला. चहा मात्र चाळिसांनीही दोन्ही वेळा घेतला. त्याबाबत त्यांच्यात मतभेद नव्हते.

गाडी दोन हजार एक सालची. लहान, चार दारांची, पांढरी. आता तिला पांढरी म्हणणं चित्रकलेच्या दृष्टीनं बरोबर नाही, आणि मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली असल्यामुळे असल्या गोष्टी मला बोचतात. त्या रंगाला नेमकं काय म्हणावं याचा मी बराच विचार केला आहे. चंदा, म्हणजे आमची सौ., विचार न करताच त्याला 'कळकट' म्हणते.

पण या सगळ्याचं मूळ गाडीत नाही, खुशालरावांत आहे. खुशालराव माझे साडू. अकोल्याला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तिथं दुमजली घर बांधलं आणि वास्तुपूजनाला आम्हाला बोलावलं. मी गाडी गेटसमोर लावून, नवा सदरा सावरत उतरलो. तेवढ्यात फोटोग्राफरच्या शेजारी उभे असलेले खुशालराव पन्नास माणसांत ओरडले, "मास्तर, तुमची गाडी तेवढी मांगच्या गल्लीत लावा ना. फोटोत येऊन राहिली!"

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही सुचलं नाही. गाडी मागच्या गल्लीत, एका म्हशीशेजारी लावून आलो. मग जेवणाच्या पंगतीत मला सुचलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "खुशालराव, आता तुमच्या दारात येईन तर याच गाडीनं येईन, अन् गेटसमोरच लावीन!" हातात अर्धी जिलेबी होती, त्यामुळे ते जितकं करारी वाटायला हवं होतं तितकं वाटलं नसावं. पण शब्द तो शब्द.

पुढं दोनच महिन्यांत बडनेऱ्याच्या पुलावर गाडीचं इंजिन फुटलं. म्हणजे शब्द होता, गेट होतं, गाडीच नव्हती. मी अकोल्याला जाणं बंद केलं. चंदानं याबद्दल एका अक्षरानं तक्रार केली नाही, हे मला इथं नमूद केलं पाहिजे. सख्खी बहीण तिथं, तरी माझ्या शब्दाखातर बाईनं तीन वर्षं अकोल्याचं नाव काढलं नाही. उलट ती देवाधर्माकडे वळली. दीड-दोन महिन्यांनी महिला मंडळाबरोबर कौंडण्यपूरला जायची आणि डबाभर करंज्यांचा प्रसाद आणायची. करंज्या अगदी तिच्या बहिणीच्या, रुख्मिणीताईंच्या हातासारख्या लागायच्या. मी तसं एकदा बोललोही. "देवाघरचं सारखंच असते," ती म्हणाली. मला तिचा फार आदर वाटला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना जानेवारीत पत्रिका आली. खुशालरावांच्या पायलचं साक्षगंध, अकोल्याला, राहत्या घरी. पायल मला लहानपणापासून मोठेबाबा म्हणते. तिला चित्रं काढायला मी शिकवलं. तिनं स्वतः फोन केला, "मोठेबाबा, तुमी नाई आले तं मी अंगठीच घालत नाई."

चंदा म्हणाली, "अजी, चाला ना बसनं. कोणाच्या ध्यानात हाये आता तुमचं थे बोलणं?"

"माझ्या ध्यानात आहे," मी म्हणालो.

हातात पाच आठवडे होते. मी डोमाजीला बोलावलं.

डोमाजी आमच्या भागातला जुना मिस्त्री. बडनेरा रोडवर कडुनिंबाखाली त्याचं गॅरेज आहे, म्हणजे कडुनिंब आहे आणि खाली डोमाजी आहे. त्याला कुठलंही काम सांगितलं तरी तो आधी गाडीकडे, मग आभाळाकडे पाहतो आणि म्हणतो, "होऊन जाते." या दोन शब्दांवर विश्वास ठेवून अमरावतीतली किती माणसं आज पायी फिरतात, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

"याचं इंजिन आता भेटत नाई, मास्तर," तो म्हणाला. "पण याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं बसते. थे लांब डिक्कीवाली नाई का होती? अकोल्याच्या भंगारात एक-दोन पडून असतीन. जराकसं ठोकठाक करा लागन."

"तू जाऊन घेऊन ये," मी म्हणालो. मला अकोल्याला जाता येत नव्हतं, याचं कारण वर दिलेलंच आहे.

इंजिन आलं. टेम्पोतून उतरवताना सगळी गल्ली जमली. समोर राहणारे बुधाजी, पोस्टातून निवृत्त झालेले आणि दिवसाचे सहा तास मोबाइलवर माहितीपर व्हिडिओ पाहणारे, त्यांनी इंजिनाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. "गुरुजी, हे मोठं हाये," ते म्हणाले. "गाडी लहान हाये." हे मत चुकीचं नव्हतं. बॉनेट चार बोटं वरच राहत होतं. डोमाजीनं ते आतून ठोकून फुगवलं. गाडीच्या कपाळाला टेंगूळ आलं, पण बॉनेट लागलं. डावीकडचा चाकाचा दांडा आखूड पडला, उजवीकडचा लांब झाला, ते त्यानं मूर्तिजापूरच्या एका लेथवाल्याकडून सारखे करून आणले. शेवटी अकरा वायरी उरल्या.

"या कुठं जोडायच्या?" मी विचारलं.

"या राहू द्या. हे इंजिन हुशार गाडीचं हाय. त्याच्या साऱ्या गोष्टी तुमच्या गाडीले समजत नाईत," डोमाजी म्हणाला. एकतीस वर्षं वर्गात हेच वाक्य मी पालकांना सांगत आलो होतो, त्यामुळे मला पटलं. त्यानं नऊ वायरी काळ्या पट्टीनं बांधून टाकल्या आणि दोन अंदाजानं जोडल्या. तेव्हापासून हॉर्न दाबला की हॉर्न वाजतो आणि वायपरही फिरतात. पण इंजिन चालू झालं! असा दमदार, घुमणारा आवाज आला की मला माझ्याच गाडीला अहो म्हणावंसं वाटलं.

मग सगळ्यांनी एकदमच पाहिलं, की गाडी पुढून वाकली आहे. नवं इंजिन जड आणि पुढच्या स्प्रिंगा पंचवीस वर्षांच्या. मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलेल्या शिक्षकासारखी ती मान खाली घालून उभी होती.

"स्प्रिंगा बदल," मी म्हणालो.

"भेटत नाईत. अन् असं पाहा मास्तर, ही गाडी पुढच्या चाकानं चालते. पुढचे दोन चाकं वढतात, मांगचे नुसते वरातीत आल्यावानी येतात. तवा मांगं वजन ठेवा. डिक्कीत दीड क्विंटल टाकलं की मान वर. होऊन जाते."

टाकून पाहिलं. सिमेंटची तीन पोती मागे ठेवताच गाडीनं खरोखर मान वर केली. पोती काढली की पुन्हा खाली. माझा अभिमान कुठल्या आधारावर उभा राहणार, हे त्या दिवशी ठरलं.

आता कागद. गाडीच्या पुस्तकात जुन्या इंजिनाचा नंबर, गाडीत नवं इंजिन. तेव्हा परिवहन कार्यालयात अर्ज करणं आलं. खिडकीतले साहेब सज्जन होते. ते म्हणाले, इंजिनावर कोरलेल्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा आणा. आता पेन्सिल हा माझा प्रांत. मी टू-बी, फोर-बी, सिक्स-बी अशा तीन पेन्सिली घेऊन बॉनेटखाली दोन तास बसलो आणि माझ्या मते त्या कचेरीत आजवर गेला नसेल असा ठसा घेऊन गेलो.

साहेबांनी कागद उजेडात धरला. "लय भारी आलं," ते म्हणाले. "पण शेडिंग काहून केलं?"

"अक्षरांना उठाव यावा म्हणून."

"आठ हाये का तीन हाये तेच दिसत नाई ना, गुरुजी. सपाट आना."

कलेची या देशात काय किंमत आहे हे मला माहीत होतं, तरी वाईट वाटलं. मी सपाट ठसा आणला. साहेबांनी नंबर संगणकात घातला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ज्या गाडीतलं हे इंजिन हाये, थे गाडी भंगारात गेल्याची नोंदच नाई. कागदावर अजून मालकाच्याच नावावर हाये. एमएच तीस, अकोला. या मालकाची सही लागन, की गाडी मी भंगारात देली, इंजिनाबद्दल माही तक्रार नाई. नाव लिहून घ्या." आणि त्यांनी नाव वाचलं.

ते नाव खुशालरावांचं होतं.

मी बाकावर बसलो. म्हणजे आधी बाक शोधला, मग बसलो. तीन वर्षांपूर्वी वास्तुपूजनाच्या सुमारास खुशालरावांकडे ती लांब डिक्कीची गाडी होती खरी. पुढं ती कुठं गेली हे त्यांनी साऱ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं होतं. नागपूरच्या एका हृदयरोगतज्ज्ञानं म्हणे ती हात जोडून मागून नेली. डॉक्टर अजूनही फोन करून आभार मानतो, असंही होतं. आणि ती गाडी अकोल्याच्या भंगारात पडली होती, आणि तिचं इंजिन आता माझ्या पदरात!

आधी मला लाज वाटली, की ज्या माणसाला दाखवायला गाडी उभी केली तिच्यात त्याचंच इंजिन. पण कचेरीच्या पायऱ्या उतरेपर्यंत लाजेची जागा आनंदानं घेतली. असला आनंद चांगल्या माणसाला होत नाही, पण मला झाला. आता मी गेटसमोर गाडी लावणार, पन्नास माणसांत तो कागद पुढं करणार आणि म्हणणार, "खुशालराव, तुमच्या डॉक्टरची इथं सही करता का?" हे वाक्य मी घरी आरशासमोर पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. चंदानं विचारलं, "कोणता डाक्टर?" मी म्हणालो, "दाताचा."

निघायच्या आदल्या दिवशी बुधाजींनी सिमेंटची पोती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा! गुरुजी, अकोल्याले सिमेंट फिरवून आनता? वजनच न्यायचं तं लोकायचा वानोळा न्या ना!"

आमच्याकडे शेतातलं नवं काही निघालं की ते नातलगांना पाठवल्याशिवाय घास गोड लागत नाही. तूर झाली की डाळ, संत्री तोडली की संत्री. आणि कोणी त्या दिशेला जातो आहे असं कळलं की तो माणूस मग त्याचा स्वतःचा राहत नाही. बुधाजींनी फक्त चार घरी सांगितलं. सकाळी माझ्या दारात बारा घरांचा वानोळा होता. बोरगाव मंजूच्या जावयाला तुरीची डाळ, मूर्तिजापूरच्या बहिणीला दोन क्रेट संत्री, बडनेऱ्याला आंबाडीची बोंडं, कोणाच्या तरी भाच्याला एक पाटा आणि वरवंटा. बुधाजींनी ते तराजूवर मोजून डिक्कीत रचलं. बरोबर दीड क्विंटल. गाडीनं मान वर केली आणि आम्ही निघालो.

नव्वद किलोमीटरच्या त्या रस्त्यावर काय होणार हे चित्रकला शिकलेल्या, तोल म्हणजे काय ते जाणणाऱ्या माणसाला आधीच दिसायला हवं होतं. वानोळा हा पोचवायचा असतो. बडनेऱ्याला बोंडं उतरली तेव्हा काही वाटलं नाही. मूर्तिजापूरला संत्री उतरली आणि गावाबाहेरच्या गतिरोधकावर पुढच्या बंपरनं पहिला ओरखडा घेतला. पाटा-वरवंट्याच्या भाच्यानं आम्हाला चहाला बसवलं, तेवढ्यात त्याच्या आईनं पाटाही उतरवून घेतला. बोरगावला डाळ गेली. प्रत्येक घरी माणसं हात जोडून म्हणत होती, "लय चांगले हाये तुमी, मास्तर," आणि प्रत्येक घरी माझी गाडी चार बोटं खाली जात होती.

"अजी, हे पुढं काहून झुकून राहिली?" चंदानं विचारलं.

"उतार आहे," मी म्हणालो. अकोल्यापर्यंत उतारच होता.

खुशालरावांच्या गल्लीत शिरलो तेव्हा डिक्कीत फक्त आमची पिशवी उरली होती. गेटला मांडव, झेंडूच्या माळा, फोटोग्राफर, मुलाकडची मंडळी नुकतीच उतरलेली. मी आवाज घुमवत गाडी थेट गेटसमोर आणली आणि सगळ्यांनी वळून पाहावं म्हणून हॉर्न दाबला. हॉर्न वाजला, वायपर डावीकडून उजवीकडे हात हलवू लागले. पुढचं चाक गटारावरच्या फरशीवरून उतरलं, बंपर टेकला, आणि माझी गाडी खुशालरावांच्या उंबऱ्याशी कपाळ टेकवून थांबली.

तीन वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला. मुलाचे वडील पुढं येऊन म्हणाले, "गाडी लय संस्कारी दिसते तुमची." लोक हसले. मी खिशातला कागद चाचपला आणि ते वाक्य तोंडात तयार ठेवून उतरलो.

गर्दीतून खुशालराव येत होते, पण माझ्याकडे पाहत नव्हते. फेटा एका कानावर आलेला, पावलं सावकाश. ते गाडीपुढं थांबले आणि त्यांनी मान तिरकी केली. मी किल्लीला हात घातला तसे ते घाईनं म्हणाले, "बंद करू नका, साडभाऊ. जरा चालू राहू द्या."

त्यांनी त्या टेंगळावर हाताचा पंजा ठेवला. इंजिन घुमत होतं. त्यांच्या अंगठ्या बॉनेटवर बारीक वाजत होत्या. मोठा माणूस, दुमजली घराचा धनी, पण त्यांचे डोळे भरले होते आणि ते मला दिसले. मला एकाएकी आठवलं की पायलला जन्मानंतर दवाखान्यातून घरी आणलं ते याच इंजिनाच्या गाडीतून. मी स्वतः मागच्या सीटवर दुपटं धरून बसलो होतो.

"वा, इंजिन तं झकास हाये," मुलाचे वडील म्हणाले. "कोण्या गाडीचं हाये हो?"

खुशालरावांचा हात बॉनेटवर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत त्यांना सगळं कळलेलं होतं, आणि मला कळलं आहे हेही. पन्नास माणसं होती, वाक्य तयार होतं, कागद खिशात होता.

"नागपूरच्या एका डॉक्टरांची गाडी होती," मी म्हणालो. "हृदयरोगतज्ज्ञ. फार जपून वापरलेली."

खुशालरावांनी नाक ओढलं, फेटा सरळ केला आणि ते फोटोग्राफरवर ओरडले, "अबे, इकडं ये! पयला फोटो इथं काढ. गाडी पुरी आली पायजे, कापू नको!" तो फोटो आज माझ्याकडे आहे. मध्ये पायल, एका बाजूला खुशालराव, एका बाजूला मी, आणि समोर गाडी, सगळ्यांच्या पाया पडते आहे.

अंगठ्या झाल्या. देवघराच्या खोलीत दार लोटून खुशालरावांनी कागदावर न वाचता सही केली. "जागा नव्हती हो नव्या घरात," ते हळू आवाजात म्हणाले. "पोर्च नकाशातच ऱ्हायलं. सांगायचं कसं लोकायले?" मी म्हणालो, "सांगायचं कशाला?" माणसानं थोर व्हावं तर किती, असं मला स्वतःबद्दल वाटत होतं. त्याच तंद्रीत मी जेवायला बसलो.

पलीकडे बायकांची पंगत होती. खुशालरावांच्या शेजारी राहणाऱ्या पार्बताबाई, सत्तरीच्या, ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलणाऱ्या, त्या चंदाला म्हणाल्या, "काहून वं चंदा, या बारी बस सोडून गाडीनं आली? मांगच्या मयन्यात तं मह्या सोबतच स्टँडावरून आली होती तू!"

रुख्मिणीताईंच्या हातातला वरणाचा डाव वरच राहिला. चंदा मिठाकडे पाहू लागली, जणू पहिल्यांदाच पाहते आहे. मी मनात मोजत होतो. दीड-दोन महिन्यांनी एक, अशी तीन वर्षं.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेले खुशालराव खाकरले. "पार्बताबाई," ते मोठ्यानं म्हणाले, "थे चंदा नोयती. थे तिची तिसरी बहीण. लय सारख्या दिसतात दोघी."

चंदाला रुख्मिणीताईंखेरीज बहीण नाही, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. खुशालराव पानाकडे पाहत होते. चंदा माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हणालो, "मीसुद्धा कधी कधी फसतो."

डाव खाली आला, वरण वाढलं गेलं, पंगत पुढं सरकली. रुख्मिणीताई करंज्यांचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी न विचारता माझ्या पानात दोन ठेवल्या. मी एक मोडून तोंडात टाकली. थेट कौंडण्यपूरची चव होती. मी आणखी दोन मागून घेतल्या.